रात्री सगळं बंद करूनही मीटर पळतंय: वाढलेल्या लाइट बिलाचं कारण कसं सापडलं

आमचं नाशिकला टू बीएचके घर, माणसं चार, मी, मिस्टर, सासूबाई आणि दहावीतली लेक. एसी नाही. पावसाळ्यात आमचं लाइट बिल १७५ ते १८५ युनिटच्या मध्ये असायचं, गेली चार-पाच वर्षं तेच. ऑगस्ट २०२४ चं बिल आलं २६२ युनिटचं आणि मग ते खाली यायचं नावच घेईना, सप्टेंबरला २६५, ऑक्टोबरला २६८. रुपयांत सांगायचं तर एकोणीसशेचं बिल तीन हजारांवर गेलं, आणि घरात नवीन वस्तू म्हणाल तर एक मिक्सरसुद्धा आणलेला नव्हता.

मग जे सगळे करतात ते आम्ही केलं. एक महिना गिझर बंद ठेवून गॅसवर पाणी तापवलं, फ्रिजच्या दाराचं रबर बदललं, राहिलेल्या दोन ट्यूब काढून एलईडी लावल्या. प्रत्येक वेळी वाटायचं आता सापडलं, पण पुढचं बिल परत तेवढंच. पैसे भरून मीटर तपासून घेतलं, मीटर बरोबर निघालं. आणि घरात रोज कोणीतरी कोणाला तरी पंख्यावरून बोलायचं. सासूबाई तर देवघरातला ५ वॅटचा बल्बसुद्धा बंद करून अंधारात जप करायला लागल्या होत्या, ते मला बघवत नव्हतं. ५ वॅटचा बल्ब रोज १२ तास लावला तरी महिन्याचे दोन युनिट होत नाहीत हो. जास्तीचे ८५ युनिट दुसरीकडेच चालले होते आणि आम्ही अंदाजाने एकेक वस्तू धरत बसलो होतो. ज्यांच्याकडे असंच दर महिन्याला होतंय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय, आमच्या चुकासुद्धा, कारण त्या चुकांमध्ये आमचे दोन महिने गेले.

सगळ्यात आधी बिल हातात घ्या आणि रुपयांकडे बघू नका. चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि त्या दोन तारखांमधले दिवस, एवढंच बघायचं. युनिट भागिले दिवस केलं की रोजचे किती ते निघतं आणि तुलना करायची तर याच आकड्याची करायची, कारण कधी रीडिंग २८ दिवसांनी होतं कधी ३४ दिवसांनी आणि आपण दोन्ही बिलं शेजारी ठेवून घाबरतो. तुलना मागच्या महिन्याशी पण करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो तो त्यासाठीच कामाला येतो. डिसेंबरचं बिल ऑक्टोबरपेक्षा जास्त येणारच, गिझर चालतो. शेजारच्यांशी तुलना तर मुळीच नको. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंकडे एसी आहे तरी बिल आमच्यापेक्षा कमी, यावरून आमच्याकडे केवढी चर्चा झाली, नंतर कळलं की त्यांच्या गच्चीत सोलरचं गरम पाणी आहे आणि दोघंही दिवसभर बाहेर असतात.

मग मीटरपाशी जाऊन बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग जुळतंय का ते बघा. रीडिंग घेतलंच गेलं नाही, दाराला कुलूप होतं वगैरे कारणाने सरासरीवर बिल काढलं असेल तर ते बिलावर लिहिलेलं असतं, आणि अशा दोन-तीन कमी बिलांनंतर खरं रीडिंग आलं की एकदम मोठं बिल येतं. ते खरं वाढलेलं नसतं, साठलेलं असतं. आमचं तसं नव्हतं, रीडिंग दर महिन्याला फोटोसकट बरोबर होतं.

आता स्लॅबचं सांगते, कारण ८५ युनिटचे अकराशे रुपये कसे झाले हे मला आधी कळलंच नव्हतं. २०२४-२५ ला आमच्या बिलांवर वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटला ५ रुपये ९० पैशांच्या आसपास दर होता, १०१ ते ३०० ला साडेअकराच्या आसपास, ३०१ ते ५०० ला पावणेसोळाच्या आसपास. वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे तेव्हा १०० च्या पुढचं प्रत्येक युनिट सगळं धरून सव्वातेरा-साडेतेरा रुपयांना पडत होतं आणि ३०० च्या पुढचं १८ रुपयांना. दर बदलत राहतात, तुमच्या बिलामागचा तक्ता बघून तुमचे आकडे घाला. बऱ्याच जणांना वाटतं ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, तसं नाही, फक्त वरचे तेवढेच महाग होतात. पण यातून एक गोष्ट निघते जी पुढे सगळीकडे लागते. घरात काहीही वाढलं किंवा कमी झालं की ते सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग स्लॅबमधून वाढतं किंवा कमी होतं. म्हणून हिशोब करताना बिल भागिले युनिट करून सरासरी दर धरू नका, वरच्या स्लॅबचा दर धरा.

आम्हाला खरा धागा मिळाला तो दिवाळीत. आठ दिवस गावाला गेलो होतो. निघताना लेकीने सहज मीटरचा फोटो काढून ठेवला आणि आल्यावर परत काढला. घर बंद, फक्त फ्रिज चालू, आणि ८ दिवसांत ३३ युनिट! म्हणजे रोजचे चार युनिट, महिन्याचे सव्वाशे, घरात माणूस नसताना. फ्रिजला रोज एक युनिट धरलं तरी बाकीचे तीन कुठे गेले? तेव्हा समजलं की कोणी पंखा विसरतंय हा विषयच नव्हता. काहीतरी २४ तास वीज ओढत होतं.

मग मीटरचा लाल दिवा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल एलईडी लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, आमच्याकडे ३२०० इम्पल्स पर केडब्ल्यूएच. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लागला की एक युनिट. काही मीटरवर १६०० असतं, काहींवर ६४००. या आकड्यावरून आत्ता या क्षणाला घरात किती वॅट चाललेत ते काढता येतं. ३६ लाखाला त्या आकड्याने भागायचं, ३२०० वाल्यांना ११२५ येतात, १६०० वाल्यांना २२५०. मग मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि त्या ११२५ ला सेकंदांनी भागायचं. १० सेकंदांनी एकदा लागत असेल तर ११२ वॅट, १ सेकंदाने लागत असेल तर ११२५ वॅट. एकदाच मोजू नका, दहा वेळा लागेपर्यंतचा वेळ घ्या आणि दहाने भागा. मीटरचं झाकण, सील कशाला हात लावायची गरज नाही, लावूही नका, नुसतं बघायचं.

पहिल्या रात्री आम्ही यात चुकलो. मिस्टरांना वाटलं आधी मेन बंद करून मीटर थांबतंय का ते बघू. मेन बंद केला, मीटर थांबलं, ते बरोबरच, म्हणजे मीटरनंतर आणि मेनच्या आधी कोणी वायर टाकलेली नाही हे तरी कळलं. पण मेन बंद केल्यावर घर इन्व्हर्टरवर गेलं, पंखे त्याच्यावर फिरत राहिले, आणि पाच-दहा मिनिटांनी मेन परत चालू करून सगळी बटणं बंद करून मोजलं तर दिवा दर २ सेकंदांना लागतोय, म्हणजे साडेपाचशे वॅट! आमची धांदल उडाली, वाटलं भिंतीत कुठेतरी करंट उतरतोय. खरं म्हणजे इन्व्हर्टर उतरलेली बॅटरी परत भरत होता. त्यामुळे हे लक्षात ठेवा, लाइट जाऊन आल्यावर किंवा मेन बंद-चालू केल्यावर हे मोजमाप करूच नका, बॅटरी नीट भरायला दहा-बारा तास जाऊ द्या.

तीन दिवसांनी, ज्या दिवशी सकाळपासून लाइट गेलीच नव्हती अशा रात्री परत केलं. अकरा वाजता सगळी बटणं बंद, गिझरचा एमसीबी (बोर्डातला ट्रिप होणारा स्विच) खाली, फ्रिजचा प्लग काढून ठेवला. मिस्टर वर घरात, मी आणि लेक खाली जिन्यातल्या मीटरपाशी, फोनवर बोलत. लेक मोजत होती आणि मी वहीत लिहित होते. दहा लुकलुकींना ८० सेकंद, म्हणजे आठाला एक, म्हणजे १४० वॅट. सगळं बंद असताना १४० वॅट! मग राउटर, सेट टॉप बॉक्स आणि टीव्हीचे प्लग काढायला सांगितले. आता साडेनऊ सेकंद. ११८ वॅट. म्हणजे त्या तिघांचे मिळून २२ वॅट, महिन्याचे १६ युनिट, तेही कमी नाहीत पण ८५ नाहीत. मग इन्व्हर्टर. त्याचं पुढचं बटण बंद केलं आणि प्लगही काढला, दोन्ही करावं लागतं, नुसता प्लग काढला तर तो बॅटरीवर घर चालवायला लागतो. वर घर पूर्ण काळोखात. खाली आम्ही त्या लाल ठिपक्याकडे बघत उभ्या. दहा सेकंद, वीस, एक मिनिट. लेकीने साडेतीन मिनिटं मोजली, दिवा एकदाही लागला नाही.

११८ गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस करा, ८५ युनिट येतात. जेवढं बिल वाढलं होतं बरोबर तेवढेच. मी जिन्यातच खाली बसले, इतकं हायसं वाटलं.

इन्व्हर्टर चांगला असेल तर बॅटरी भरल्यावर तो साधारण १५-२० वॅटच घेतो. आमचा ११८ का घेत होता तर बॅटरीमुळे. १५० एएचची ट्युब्युलर, २०१९ ची. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाले दादा आले, त्यांनी आधी नुसता हात लावला, बॅटरी कोमट होती, रात्रभर प्लग काढलेला असूनही. मग हायड्रोमीटरने एकेका सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघितली, पाच सेल १२२० ते १२४० च्या मध्ये आणि तिसरा सेल ११००. तो एक सेल गेलेला. त्यांनी समजावलं ते असं, की एक सेल मेला की बॅटरीचं व्होल्टेज पूर्ण चढतच नाही, चार्जरला वाटतं बॅटरी अजून भरायचीय, तो बंद होत नाही, दिवसरात्र करंट टाकत राहतो, आणि तो करंट बाकीच्या चांगल्या सेलमधलं पाणी उकळवून उडवतो. आणि इथे मला आठवलं की जुलैपासून बॅटरीला दर तीन आठवड्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत होतं, आधी चार-पाच महिन्यांतून एकदा लागायचं. बॅटरी पाणी पितेय हे आम्ही बघत होतो पण त्याचा आणि लाइट बिलाचा संबंध लावला नाही. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल आणि बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल, पाणी लवकर संपत असेल, बॅटरी गरम लागत असेल, लाइट गेल्यावर तासाभरात बसत असेल आणि बिल वाढलेलं असेल तर बाकी काही करायच्या आधी ती तपासून घ्या. स्वतः झाकणं उघडून बघायला जाऊ नका, आत ॲसिड असतं आणि जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली तर फुटते. खोलीत हवा खेळती हवी, बेडखाली किंवा बंद कपाटात तर अशी बॅटरी ठेवूच नये.

नवीन बॅटरी जुनी परत देऊन साडेतेरा हजारांना पडली. रक्कम मोठी आहे पण दर महिन्याला अकराशे रुपये उकळून जात होते, वर्षभरात वसूल. लगेच घेतली मात्र नाही. आधी पूर्ण महिना इन्व्हर्टर बंद ठेवला, आणि डिसेंबरचं बिल २१२ युनिट आलं, मागच्या डिसेंबरला २१६ होतं. तेव्हाच पैसे काढले. हा एक महिना थांबणं मी सगळ्यांना सांगेन, कारण दुकानदार तर पहिल्याच दिवशी विकायला तयार असतो.

सगळ्यांकडे बॅटरीच असेल असं नाही. दिव्याच्या चालीवरून बाकीची कारणंही ओळखता येतात. फ्रिज चालू ठेवून अर्धा तास बघा, दिवा काही वेळ जोरात आणि काही वेळ हळू लागला पाहिजे, कारण कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. तो कधी थांबतच नसेल तर रबर, मागची धूळ भरलेली जाळी, भिंतीला चिकटून ठेवलेला फ्रिज, फ्रीझरमध्ये साठलेला बर्फ किंवा संपत आलेला गॅस यापैकी काहीतरी आहे. रबर बघायला नोट दारात अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर सैल आहे. दर थोड्या वेळाने एकदम सपाट्याने दिवा लागत असेल, जवळजवळ सेकंदाला दोन, आणि पाच-दहा मिनिटांनी थांबत असेल तर गिझर चालू राहिलाय आणि टाकीतलं निवलेलं पाणी परत परत तापवतोय. स्वतःचा बंगला असेल तर पाण्याची मोटर बघा, फ्लशची टाकी रात्रंदिवस वाहत असली की वरची टाकी रिकामी होते आणि मोटर आपोआप परत परत चालू होते, अर्ध्या एचपीची मोटर पण पाचशे वॅटच्या पुढे घेते. आणि सगळे एमसीबी खाली करूनही, मेन बंद करूनही दिवा लागतच असेल तर मात्र तुमच्या घरात शोधू नका, वीज कंपनीला लेखी कळवा.

एक कारण फार जणांना माहीत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगते. माझ्या आत्याचं पंचवटीत जुन्या वाड्यात बिऱ्हाड आहे, तिला हा दिवा मोजायला शिकवलं तर तिचा हिशोबच लागेना. तिच्या मीटरवर लुकलुकणाऱ्या दिव्याशेजारी आणखी एक दिवा सतत लागलेला होता, ज्याच्यापाशी ई एल असं लिहिलेलं असतं, अर्थ लीकेजचा. आपले मीटर फेजमधून जाणारा करंट आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट दोन्ही मोजतात आणि दोन्हींत फरक असेल तर जो जास्त असेल तो धरतात, वीजचोरी पकडता यावी म्हणून तसे बनवलेले असतात. आत्याच्या बोर्डातून शेजारच्या बिऱ्हाडाच्या खोलीला कधीकाळी कोणीतरी न्यूट्रल दिलेली होती. फेज त्यांच्या मीटरची, न्यूट्रल आत्याची. म्हणजे शेजारी पंखा लावायचे आणि तो आत्याच्या मीटरवरही मोजला जायचा, दोघांच्याही बिलात. कोणी चोरी केलेली नव्हती, तीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगमधली चूक होती. वायरमनने दोन्ही न्यूट्रल वेगळ्या केल्या, तो दिवा विझला, आणि आत्याचं बिल महिन्याला ३० युनिटने उतरलं. जुने वाडे, चाळी, एका घराचे दोन भाग करून भाड्याने दिलेली घरं, इथे हे नक्की बघा. आणि तो दिवा दुसऱ्या कारणानेही लागतो, गिझरची कॉइल आतून चिरली की करंट अर्थला उतरतो. ते बिलापेक्षा जिवाशी आहे. आरसीसीबी (करंट अर्थला उतरला की आपोआप लाइट तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या, त्यात टाळाटाळ नको.

कारण सापडल्यावर मग आम्ही खर्च कमी करायच्या मागे लागलो, आणि इथेही तो वरच्या स्लॅबचा दर कामाला आला. सासूबाईंचं म्हणणं होतं गॅस महाग झाला, इंडक्शन घेऊ. हिशोब केला. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण १८० युनिट एवढी उष्णता असते, शेगडीवर त्यातली साठ टक्के भांड्याला लागते असं धरलं तर १०८. इंडक्शनला ८५ टक्के लागते, म्हणजे तेवढंच काम करायला इंडक्शन साधारण १२७ युनिट घेणार. सिलेंडर ८५० रुपयांना धरला तर इंडक्शन परवडायला युनिट पावणेसात रुपयांच्या आत पडलं पाहिजे. आमचे पहिले १०० युनिट फ्रिज, पंखे, दिवे यातच जातात, इंडक्शनचं प्रत्येक युनिट सव्वातेरा रुपयांचं असणार, म्हणजे साडेआठशेच्या सिलेंडरचं काम सतराशे रुपयांत. आम्ही घेतलं नाही. पण ज्यांचा महिन्याचा सगळा वापरच ६०-७० युनिट आहे, एकटे राहणारे, होस्टेलवर किंवा छोट्या खोलीत राहणारे, त्यांना इंडक्शन गॅसच्या बरोबरीने पडतं.

अंघोळीच्या पाण्याचंही तसंच. नाशिकच्या थंडीत एका बादलीला साधारण अर्धा युनिट लागतं, चौघांचे रोजचे दोन, महिन्याचे ६० युनिट, म्हणजे आठशे रुपये. तेच पाणी गॅस गिझरवर सवापाच किलोच्या आसपास गॅसमध्ये होतं, तीनशे-सव्वातीनशे रुपये. फरक मोठा आहे. पण गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावून कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या वायूला वास नसतो, माणसाला कळतही नाही. लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीत, नाहीतर लावू नका. आमच्याकडे तशी जागा नाही म्हणून आम्ही विजेचाच ठेवला, फक्त सकाळी अंघोळी एकापाठोपाठ एक करायच्या आणि २० मिनिटांत बटण बंद, आणि थर्मोस्टॅट ७० वरून ५० वर आणला. गच्ची स्वतःची असेल तर सोलर वॉटर हीटरसारखं दुसरं काही नाही.

पंख्यांत आम्ही पैसे घातले आणि ते पटले. साधा सीलिंग फॅन ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) ३० च्या आसपास. रोज १५ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, आमच्या दराने पावणेतीनशे रुपये, अडीच-तीन हजारांचा पंखा चालू राहण्याच्या दहा-अकरा महिन्यांत सुटतो. पण चारही पंखे एकदम बदलू नका. हॉल आणि सासूबाईंच्या खोलीतला, जे खरंच १५ तास चालतात ते दोन बदलले, जो पंखा पंधरा दिवसांतून एकदा लागतो तो बदलून काय मिळणार. २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालंय, दुकानात वॅट विचारा, नुसते पाच स्टार बघून उचलू नका. जुन्या गोल डब्यासारख्या रेग्युलेटरवर पंखा हळू केला तरी वीज तेवढी वाचत नाही, डबाच गरम होतो, तो बदलायला दोन-तीनशे रुपये लागतात. एसी ज्यांच्याकडे आहे त्यांनी २४-२५ वर ठेवून वर पंखा लावा, एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई (स्टार लेबल देणारी सरकारी संस्था) सांगते, आणि फिल्टर महिन्यातून एकदा धुवा.

सोलरचं बऱ्याच जणांच्या मनात असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० आणि ३ किंवा जास्तीला ७८ हजार अनुदान आहे, आपल्याकडे एका किलोवॅटमागे महिन्याला १००-१२० युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. चांगलंच आहे. पण आधी घरातली गळती शोधा. आम्ही ऑगस्टमध्ये कोटेशन मागवलं होतं तेव्हा २६२ युनिटवर तीन किलोवॅट सांगितलं होतं, ८५ युनिट मेलेल्या सेलला द्यायचे म्हणून छतावर जास्तीचं पॅनल बसवलं असतं.

आणि कोणाचं बिल खरंच चुकीचं आलं असेल, कळवूनही दाद मिळत नसेल आणि वर कनेक्शन तोडायची नोटीस आली असेल तर घाबरून गप्प बसू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये सोय आहे, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत लाइट तोडता येत नाही. निषेध नोंदवून भरतोय असं लेखी द्या, पोच घ्या. मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि तिथेही नाही झालं तर विद्युत लोकपाल. या तक्रारीत तुमच्या मीटरचे तारखेसकट फोटो फार कामाला येतात, म्हणून महिन्यातून दोनदा तरी काढून ठेवा.

नवीन बॅटरी जानेवारीत बसली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री लेक खाली जाऊन दिवा मोजते, फ्रिज, राउटर, सेट टॉप बॉक्स, टीव्ही सगळ्यांचे प्लग काढून, फक्त इन्व्हर्टर चालू ठेवून. फेब्रुवारीत ७४ सेकंद आले, मार्चमध्ये ७५, म्हणजे १५ वॅट. वहीत तारीख घालून लिहिलंय. देवघरातला बल्ब परत रात्रभर चालू असतो.